कुकरची शिट्टी, खराटा आणि कोकणातला पाऊस: रोजचे आवाज नीट कसे टिपावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या घरी आई राहते. तिच्या स्वयंपाकघरातले, देवघरातले, खळ्यातले रोजचे आवाज आणि गणपतीला गावी जातानाचा प्रवास टिपून ठेवायचा आहे. फोनवर करून पाहिलं, तर मागे सतत घरघर येते, कुकरची शिट्टी फाटते आणि पाखरं पाण्याखालून ओरडल्यासारखी वाटतात. बजेट १५ हजार आहे, कोणता रेकॉर्डर घ्यावा?

या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी आहेत. पाण्याखालचा आवाज ही फोनच्या सॉफ्टवेअरची करामत आहे. चांगला रेकॉर्डर घेतला की ती पूर्ण जाते. शिट्टी फाटते ती लेव्हल आणि अंतर चुकल्यामुळे. तिथे रेकॉर्डर अर्धीच मदत करतो. घरघर मात्र घरातच आहे. ५० हजारांचा मायक्रोफोन आणला तर ती आणखी स्वच्छ ऐकू येईल. म्हणून उलट्या क्रमाने जाऊ, आधी घर आणि शेवटी खरेदी.

आपला कान निवडून ऐकतो. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर यांचे आवाज डोकं आपोआप मागे सारतं आणि आईच्या बांगड्यांची किणकिण पुढे आणतं. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी ५ मिनिटं हेडफोन लावून, रेकॉर्डर चालू ठेवून खोलीत नुसतं बसा. जे ऐकू येईल ते एकेक करून बंद करत जा: छताचा पंखा, एक्झॉस्ट, पाण्याचा फिल्टर, जुन्या चोकची ट्यूबलाइट (तिची गुणगुण १०० हर्ट्झची असते, कारण वीज ५० हर्ट्झची), टिकटिकणारं घड्याळ. फ्रिज २०-२५ मिनिटं बंद राहिला तर काही बिघडत नाही, दार मात्र उघडू नका. तो पुन्हा चालू करायचं विसरतं, म्हणून घराची किल्ली फ्रिजवर ठेवायची सवय लावा. गावच्या घरी मेन स्विचच बंद करणं सगळ्यात सोपं, पण मेन गेला की इन्व्हर्टर जागा होतो आणि त्याचीच घूं सुरू होते, तेव्हा तोही बंद करा.

पंख्याचा आवाज तुमच्या आठवणीतल्या दुपारचा भाग असेल, तर तो जरूर घ्या. पण वेगळा घ्या, २-३ मिनिटांचा, नुसता. दुसऱ्या आवाजावर बसलेला पंखा नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलात, तर बांगड्या आणि फोडणीही त्याच्याबरोबर खरवडल्या जातात.

वेळेचंही तसंच. पहाटे साडेचार ते सहा या वेळात रस्ता, पंप, टीव्ही शांत असतात. मात्र याच वेळी लांबचे आवाज जास्त येतात. रात्रभरात जमिनीलगतची हवा थंड होते, वरची तुलनेने उबदार राहते, आणि आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो. लांबच्या रुळांवरची गाडी पहाटे शेजारी असल्यासारखी ऐकू येते ती यामुळे. हे तुम्हाला हवं की नको, ते आधी ठरवा. समुद्राची गाज हवी असेल, तर याच्याइतकी चांगली वेळ नाही.

आता फोन. कॉलवर बोलणाऱ्याचं बोलणं नीट कळावं यासाठी फोन तयार केलेला असतो. बोलणं नसलेलं सगळं त्याच्या लेखी गोंगाट असतं, म्हणून पाखरं, पाऊस, पानांची सळसळ तो दाबत जातो. शांतता झाली की लेव्हल आपोआप वर ओढतो, जोरात आवाज आला की खाली खेचतो, त्यामुळे मागचा आवाज दम लागल्यासारखा वरखाली होतो. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटी ‘लॉसलेस’ करा. अँड्रॉइडवर डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल करणारं आणि मायक्रोफोनचा स्रोत ‘अनप्रोसेस्ड’ किंवा ‘रॉ’ निवडू देणारं ॲप घ्या. ही सोय अँड्रॉइड ७ पासून आहे, पण प्रत्येक फोनमध्ये ती चालतेच असं नाही. पाऊस एक मिनिट रेकॉर्ड करा: आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहिला तर सोय चालते आहे, पहिल्या काही सेकंदांनी तो बसत गेला तर नाही. फोन फ्लाइट मोडवर ठेवा. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलीत, तर जे वाचवलंत तेच जाईल.

एवढं करून फोनवर समाधान झालं, तर महिनाभर काही विकत घेऊ नका. झालं नाही, तर रेकॉर्डरची निवड तुम्ही काय जास्त टिपणार यावर ठरते. कुकर, घंटा, गाडी, फटाके असे अचानक मोठे होणारे आवाज जास्त असतील, तर ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये सामावणारा रेकॉर्डर घ्या. तुमच्या बजेटच्या गटात झूमचा एच-१ इसेन्शियल हा तसा आहे. त्यात गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावावाच लागत नाही, लेव्हल नंतर वर-खाली करता येते. पण एक गैरसमज काढून टाका: ३२ बिट फ्लोटमुळे फाइल फाटत नाही, मायक्रोफोनची कॅप्सूल (आवाज झेलणारा आतला भाग) फाटू शकते. या यंत्राच्या कॅप्सूलची मर्यादा १२० डेसिबल आहे. लहान खोलीत पितळी घंटा हातभर अंतरावर वाजवली, तर ती गाठायला वेळ लागत नाही. लेव्हल हाताने लावायची तयारी असेल, तर टॅस्कॅमचा डीआर-०५एक्स चालेल. त्याचे मायक्रोफोन सर्व बाजूंनी ऐकणारे आहेत, त्यामुळे खोलीचा, खळ्याचा आवाका तो मोकळा घेतो आणि वाऱ्यालाही थोडा कमी घाबरतो. एच-१ चे मायक्रोफोन रोखलेल्या दिशेचं जास्त घेतात आणि वारा त्यांना लवकर लागतो.

अगदी हळू आवाज, म्हणजे रात्रीची पडवी, धुकं उतरतानाची बाग, हे तुमचं मुख्य काम असेल, तर पैसे रेकॉर्डरपेक्षा बाहेरच्या मायक्रोफोनवर घाला. लहान रेकॉर्डरच्या अंगच्या मायक्रोफोनची स्वतःची ‘सूं’ असते. शांत जागी गेन वाढवला की तीच वर येते. प्रिमो ईएम-२७२ या कॅप्सूलच्या जोड्या मिळतात. त्यांचा स्वतःचा आवाज साधारण १४ डेसिबल इतकाच असतो, आणि रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटरच्या सॉकेटमधून मिळणाऱ्या प्लग-इन पॉवरवर त्या चालतात. शर्टाच्या बटणाएवढ्या असल्यामुळे प्रवासात कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, हाही फायदाच. दोन कॅप्सूल डोक्याच्या रुंदीइतक्या, म्हणजे १७-१८ सेंटिमीटर अंतरावर ठेवून मध्ये जाड उशी किंवा झाडाचं खोड आलं, तर हेडफोनवर डावं-उजवं छान उलगडतं.

सेटिंग एकदाच करा आणि हात लावू नका: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, स्टिरिओ. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, ३२ बिट फ्लोटला १.४ जीबी. ऑटो लेव्हल बंद. कार्ड कॉम्प्युटरवर नको, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा. पॉवर बँकेवर चालवणार असाल, तर आधी घरी तासभर चालवून ऐका. काही पॉवर बँकांमुळे बारीक शीळ येते, आणि रेकॉर्डर वीज इतकी कमी ओढतो की काही बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून मध्येच बंद होतात. २४ बिटमध्ये लेव्हल लावताना नेहमीचा आवाज मीटरवर उणे ३० ते उणे २४ डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो) आणि सगळ्यात मोठा आवाज उणे १२ च्या खाली ठेवतो मी. मीटर कमी हलतो म्हणून घाबरू नका, नंतर वाढवायला भरपूर वाव असतो.

आता तुमची शिट्टी. मायक्रोफोन ओट्यावर ठेवू नका. ओट्यातून थरथर थेट यंत्रात चढते. कुकरपासून दीड ते दोन मीटरवर, स्टुलावर दुमडलेला पंचा, त्यावर लहान ट्रायपॉड, उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी. जवळ नेलात तर गॅसच्या ज्योतीचा फुसकारा सगळं व्यापून टाकतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनी उतरतो, स्वयंपाकघरात तितका उतरत नाही, कारण टाइल्सवरून तो परत येतो. फार लांब गेलात तर शिट्टी बारीक होण्याऐवजी घुमते. मायक्रोफोनच्या मागच्या भिंतीला गोधडी टांगली, की हे घुमणं पुष्कळ कमी होतं.

पहिली शिट्टी चाचणीला द्या. तिच्या टोकाला मीटर उणे १२ च्या बराच खाली राहायला हवा, कारण पुढची बहुधा हिच्यापेक्षा जोरात होते. शिट्टीचे टप्पे ऐका: आधी झाकणाच्या कडेने सूं, मग वजनाचा थरकाप आणि खडखड, मग पूर्ण शिट्टी, मग ती बसताना कुकरवर टपटपणारं पाणी. आपण बहुतेक शिट्टी झाली की थांबतो आणि ही शेवटची टपटप गमावतो. शेवटच्या शिट्टीनंतर, गॅस बंद केल्यावरही, निदान ३० सेकंद चालू राहू द्या. ज्योत विझल्यावर खोली जशी रिकामी होते, तो आवाज ज्योतीसोबत कधीच मिळत नाही. फोडणीला मात्र जवळ जावं लागतं, ४०-५० सेंटिमीटर, पण बाजूने आणि कढईच्या कडेच्या जरा खालून, कारण वाफ आणि तेल वर उडतं. वाफ कॅप्सूलला फार वाईट.

काय टिपायचं याबद्दल एक विचार सांगतो, तो माझ्या कामात रोज उपयोगी पडतो. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर आणि व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालच्या आवाजाचे तीन थर सांगितले. एक पायाचा, जो सतत असतो आणि म्हणून ऐकूच येत नाही. आपल्याकडे तानपुरा जे काम करतो तेच. दुसरा इशाऱ्याचा, जो लक्ष वेधतो: शिट्टी, घंटा, हॉर्न. तिसरा त्या जागेची ओळख सांगणारा, दुसरीकडे न मिळणारा. हौसेने रेकॉर्ड करणारे जवळजवळ सगळेच फक्त दुसरा थर गोळा करतात, २०-२० सेकंदांचे तुकडे. दहा वर्षांनी ऐकल्यावर ते कुठल्याही घरचे वाटतात. आईच्या घराचा पाया म्हणजे माडाच्या झावळ्यांची खसखस, लांबची गाज, गोठा असेल तर गुरांचं रवंथ. ओळख म्हणजे त्याच दाराची कडी, त्याच विहिरीचा रहाट. यांच्यासाठी यंत्र एका जागी ठेवून निदान १० मिनिटं सोडून द्यावं लागतं, २० असतील तर उत्तम. पहिली ३-४ मिनिटं घरातल्यांना यंत्राची जाणीव असते, आई मुद्दाम हळू भांडी ठेवते. मग ती विसरते, आणि तिथून पुढचं खरं. सांगून ठेवणं मात्र आवश्यक आहे. शेजारपाजारचं बोलणं त्यात आलं, तर ती फाइल त्यांना विचारल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नका.

खराट्याचं उदाहरण घ्या. माडाच्या हिरांचा खराटा सारवलेल्या खळ्यात मऊ खसखसतो, सिमेंटवर खरखरतो, जांभ्याच्या चिऱ्यांवर मध्येच अडकून तुटक येतो. सारवलेलं खळं हवं असेल, तर गणपतीत जाऊन मिळणार नाही. पावसात ते धुऊन गेलेलं असतं. दिवाळीनंतर, खळं नव्याने केल्यावर जा. मायक्रोफोन जमिनीपासून ३०-४० सेंटिमीटर वर, खळ्याच्या एका कडेला, स्थिर. झाडणाऱ्याच्या मागे यंत्र घेऊन फिरलात, तर अंतर कायम सारखं राहतं आणि खळ्याची लांबी-रुंदी कळतच नाही. यंत्र स्थिर असलं की खराटा लांबून येतो, समोरून जातो, तुळशीपाशी वळतो, आणि डोळे मिटून खळं दिसतं.

बाहेर पडलात की वारा. रेकॉर्डरबरोबर येणारा स्पंज फुंकरीपुरता असतो. झुळकीला लांब केसांची फर लागते. विकतची नसेल, तर लांब केसांचं खेळण्याचं कापड स्पंजावर सैल शिवून घ्या. घट्ट बसवलं तर उपयोग अर्धा होतो, कारण केस आणि कॅप्सूल यांच्यामध्ये स्थिर हवेचा थर हवा असतो. वाऱ्याने मायक्रोफोन एकदा फाटला की लो-कटने (खालचे सूर कापणाऱ्या फिल्टरने) तो दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा कुंपणाआड, पडवीच्या कोपऱ्यावर, खोडामागे जा.

पावसाची अडचण वेगळी. थेंब यंत्रावर, फरवर, वरच्या प्लास्टिकवर पडला की टक्क असा ठोका येतो आणि पाऊस ऐकूच येत नाही. पडवीच्या आत मीटरभर, पागोळ्यांच्या रेषेपासून दूर ठेवलंत, तर कौलांवरचा पाऊस आणि पागोळ्यांचं पाणी दोन्ही वेगवेगळं मिळतं. उघड्यावर ठेवायचंच असेल, तर मायक्रोफोनच्या वर वीतभर अंतरावर काथ्याचा जाड, सैल थर धरा. थेंब त्याच्या धाग्यांत फुटतो, ठोका होत नाही. पत्र्यावरचा पाऊस घरातून रेकॉर्ड करताना लेव्हल नेहमीपेक्षा बरीच खाली ठेवा. जोर वाढला की तो मिनिटाभरात दुप्पट-तिप्पट वाटतो.

आणि दमटपणा. एसी डब्यातून किंवा गाडीतून यंत्र थेट भाद्रपदाच्या हवेत काढलं, की थंड कॅप्सूलवर दव धरतं आणि चटचट असा आवाज येऊ लागतो. यंत्र बंद पिशवीत सिलिका जेलसह ठेवून पिशवीसकट बाहेर काढा, अर्धा-पाऊण तास थांबा, मग उघडा. चटचट सुरू झालीच, तर पुसू नका. कोरड्या जागी वाळू द्या.

प्रवासाबद्दल. एसी डब्याच्या खिडक्या बंद आणि डोक्यावर एसीची झड, त्यामुळे तिथे रुळांची नुसती घुमघुम मिळते. स्लीपरच्या उघड्या खिडकीशी सगळं मिळतं, पण मायक्रोफोन चौकटीपाशी नको. खिडकीच्या कडेखाली, हातभर आत, मांडीवरच्या दुमडलेल्या पंचावर ठेवा. यंत्र डब्याच्या भिंतीला टेकलं, तर थरथर सगळं खाऊन टाकेल. कोकण रेल्वेवर बोगदे हेच मोठं आकर्षण. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, त्यामुळे आत शिरताना, मध्ये आणि बाहेर पडताना असे तीन वेगळे आवाज सावकाश घेता येतात. शिरताना लेव्हल एकदम उसळते, म्हणून आधीच नेहमीपेक्षा १० डेसिबल खाली ठेवा. बाहेर पडतानाच्या क्षणासाठी यंत्र अगदी स्थिर धरा. डबाभर दाटलेला आवाज एकाएकी रानात विरतो, तो तुमच्या साध्या रेकॉर्डरवरही उत्तम येतो. दाराजवळ उभं राहून रेकॉर्डिंग करू नका. हेडफोनमुळे मागचं काही ऐकू येत नाही, आणि आवाज दारात वाऱ्याने फाटतोच.

एसटीत मधल्या रांगेत बसा. पुढे इंजिन, मागे चाक. गाडी धावत असताना फारसं वेगळं काही मिळत नाही. स्टँडवर ती नुसती चालू उभी असते, तेव्हा काचा आपापल्या सुरात खडखडतात, कंडक्टर घंटी देतो, दार आपटतं. हे टिपण्यासाठी सुटायच्या १० मिनिटं आधी जाऊन बसा. स्टेशनवर ट्रायपॉड आणि केसाळ मायक्रोफोन उघडा लावलात तर हटकतील, तिथे लहान कॅप्सूलच बऱ्या. विमानतळ, बंदर, लष्करी जागा इथे परवानगीशिवाय यंत्र बाहेर काढूच नका.

घरी आल्यावर फार संपादन करू नका. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करा. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे: सुरुवात-शेवट कापा, ६०-८० हर्ट्झखालची घुमघुम काढा (गाडीची घुमघुम हवी असेल तर तिथे नको), लेव्हल वर आणा. गोंगाट काढण्याचं साधन ६ डेसिबलच्या पुढे ओढलं, की पाखरं पुन्हा पाण्याखाली जातात.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी जागा, तारीख, वेळ आणि मायक्रोफोन कुठे होता ते स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. सुरुवातीला बोललात, तर पाखरं गप्प होतात. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, म्हणजे ती आपोआप ओळीत लागतील. शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिच्यात आईला विचारून लिहा: रहाट कोणी बसवला, घंटा कुठून आणली, कडीचा आवाज कधीपासून असा येतो. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा बहिणीकडे. वर्षातून एकदा, उदाहरणार्थ दिवाळीच्या सुट्टीत, तिन्हीकडच्या चार-पाच फाइल उघडून शेवटपर्यंत वाजवून पाहा.